पहारेकऱ्यांचा लगाम

बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधील मराठी घर असो की विदर्भातील खेडे, कर्करोगाचे नाव निघताच परळचे टाटा स्मारक रुग्णालय आठवते. डोके व मान यांच्या कर्करोगावर तेथे झालेला एक प्रयोग समजून घेण्याजोगा आहे.

रक्तातील टी-पेशी शरीराचे पहारेकरी होत. त्यांनी अतिरेक करू नये म्हणून निसर्गाने त्यांना लगाम घातला आहे. कर्कपेशी नेमका तोच लगाम खेचून धरतात. निव्होलुमॅब हे औषध तो सैल करते. एर्लोटिनिबचे कार्य निराळे. कर्कपेशीला वाढीचा आदेश देणारा संदेश ते अडवते.

निव्होलुमॅबची रूढ मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम; तिचा खर्च सामान्यांच्या आवाक्याबाहेरचा. टाटामध्ये दर तीन आठवड्यांना अवघे २० मिलिग्रॅम दिले गेले. म्हणजे सहा आठवड्यांत ७२० च्या जागी ४०. रोग बरा होण्यापलीकडे गेलेल्या १५१ रुग्णांना एर्लोटिनिब, मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब या गोळ्या दिल्या. त्यांपैकी सुमारे निम्म्यांना जोडीला निव्होलुमॅब. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभर जगण्याचे प्रमाण नुसत्या गोळ्यांच्या गटात शेकडा १६, तर जोड-उपचाराच्या गटात शेकडा ४३ होते.

हा रोगनाश नव्हे, आयुष्याची मुदतवाढ आहे. यशात एर्लोटिनिबचा वाटा किती, हेही या तुलनेतून निराळे काढता येत नाही. तथापि, औषधाची चिठ्ठी हाती पडताच जेथे घरातील दागिने मोजले जातात, तेथे अल्प मात्रेचा हा गुण लहान म्हणता येणार नाही.