पाळणा लांबला, तर तपासणी दोघांची करा



लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की सूनबाईच्या मागे नवस, उपास आणि दवाखाने लागतात. मुलाला कोणी काही विचारत नाही. "तो चांगला धडधाकट आहे, त्याला काय झाले आहे?" असे घरचेच म्हणतात. पण धडधाकट शरीर आणि निरोगी वीर्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत थोडा किंवा सगळा दोष पुरुषाकडे असतो.

गोठ्यात आपण हे केव्हाच मान्य केले आहे. वळू कितीही देखणा असो, त्याच्या वीर्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कृत्रिम रेतनाच्या कांड्या भरत नाहीत. शुक्रजंतू किती आणि त्यांतले पळणारे किती, हे आधी पाहतात. मग घरातच संकोच कशाला?

शुक्रजंतू खराब का होतो?

बरणीचे झाकण उघडे राहिले की शेंगदाण्याचे तेल खवट होते. हवेतील प्राणवायूचा हा परिणाम. शुक्रजंतूचे आवरणही असेच स्निग्ध आणि नाजूक असते. शरीराच्या रोजच्या कामकाजात प्राणवायूपासून काही उपद्रवी कण तयार होतात. थोडे कण हवेतच. त्यांच्याशिवाय शुक्रजंतू स्त्रीबीजात शिरण्यास तयार होत नाही. पण ते फाजील झाले की आवरण बिघडते, शेपटीचे बळ जाते आणि आतील आनुवंशिक धागा तुटतो. मग गर्भ राहणे अवघड होते, राहिला तरी पडण्याचा धोका वाढतो. डॉक्टर याला 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' म्हणतात. इतर पेशींजवळ डागडुजीचे सामान असते. शुक्रजंतू हलका होताना ते बहुतेक टाकून देतो. प्राणवायू मानवी शुक्रजंतूंना अपाय करतो, हे मॅक्लिऑड या शास्त्रज्ञाने १९४३ सालीच दाखविले होते.

काय टाळावे?

विडी, सिगारेट, तंबाखू आणि दारू प्रथम सोडा. मधुमेह असल्यास तो ताब्यात ठेवा. अंडकोशाला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी उष्णता लागते. म्हणून फार तंग कपडे आणि कढत पाण्यात बसून राहणे टाळा. जोराचा ताप येऊन गेल्यावरही शुक्रजंतू काही काळ घटतात.

फवारणीत विशेष जपा. गळका पाठपंप कमरेवरून ओघळतो आणि विजार भिजते. पंप आधी दुरुस्त करा. हातमोजे व पूर्ण अंगभर कपडे घाला, वाऱ्याकडे पाठ ठेवा, काम संपताच साबणाने आंघोळ करा. फवारणीच्या हातांनी तंबाखू मळू नका.

आहारात पालेभाज्या, आवळा, पेरू, कडधान्ये असू द्या. 'ताकदीच्या' महागड्या गोळ्यांवर मात्र पैसा उधळू नका. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या चाचणीत पुरुषांना जस्त व फॉलिक ॲसिड देऊनही मुले होण्याचे प्रमाण वाढले नाही, असे २०२० साली प्रसिद्ध झाले.

धीर धरा

शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणजे जवळपास मुगाच्या पिकाइतका काळ. आज व्यसन सोडले तर फरक दिसायला तीन महिने द्या.

एक वर्ष एकत्र राहूनही दिवस गेले नाहीत, तर डॉक्टरांकडे जा. पत्नी पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांतच. वीर्यतपासणी सोपी असते, तिच्यात दुखत नाही. आधी दोन ते सात दिवस संबंध टाळावा. पहिला अहवाल वाईट आला तर घाबरू नका, डॉक्टर पुन्हा तपासणी सांगतात. अंडकोशातील शिरा फुगल्या असल्या किंवा जंतुसंसर्ग असला, तर त्यावर उपचार आहेत.

सासू-सासऱ्यांना एवढेच सांगणे, की दवाखान्यात सुनेबरोबर मुलालाही पाठवा आणि केसपेपर दोघांच्या नावाने काढा.