राणीखेत रोगाच्या विषाणूचें अस्तर

आमच्या परसांतील कोंबड्या एके वर्षीं माना मुरगळून, हिरवट हगवण होऊन चार दिवसांत नाहींशा झाल्या. लस टोंचण्याचें आम्हीं उद्यांवर टाकलें होतें. तेव्हांपासून या रोगाच्या मुळाशीं जाण्याचा प्रयत्न चालविला. त्याचें सार वाचकांपुढें ठेवितों.

इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें 1926 सालीं आढळलेला हा रोग आपल्याकडे राणीखेत या नांवानें ओळखतात. त्याच्या विषाणूच्या गाभ्यांत आनुवंशिक द्रव्याचा एक धागा असतो. भोंवतीं स्निग्ध द्रव्याचें पातळ वेष्टन, व त्यावर प्रथिनांचे कांटे. वेष्टनाच्या आंतून ‘मॅट्रिक्स’ नांवाच्या प्रथिनाचें अस्तर असतें. त्याचे कण जोडीजोडीनें, फरशीप्रमाणें ओळींत बसतात.

या अस्तराचें काम मोठें आहे. कोंबडीच्या पेशींत नवे विषाणू घडतांना तें एकीकडे कांट्यांस व दुसरीकडे गाभ्यास एकत्र आणतें, पेशीची त्वचा बाहेर फुगवितें, आणि नवा विषाणू कळीसारखा सुटतो.

अस्तर आंत दडलेलें असल्यानें लशीनें येणारी प्रतिकारशक्ति मुख्यतः बाहेरील कांट्यांवरच चालते. रोग जडल्यावर मात्र त्यावर औषध नाहीं. वेष्टन स्निग्ध असल्यामुळें साबणाच्या पाण्यानें तें फुटतें व विषाणु निकामी होतो.

तात्पर्य, पशुवैद्याच्या सल्ल्यानें वेळींच लस द्यावी, भांडीं साबणानें धुवावीं, नवे पक्षी कांहीं दिवस वेगळे ठेवावे व मेलेले खोल पुरावे. आमच्यासारखी दिरंगाई कोणीं करूं नये.