मत्स्यपेटीतील वाढणारा ‘दगड’ : कठीण प्रवाळ कसे ओळखावे?

सियालदह (कोलकाता) : कोलकाता हे शोभिवंत माशांच्या व्यापाराचे देशातील प्रमुख केंद्र आहे. सियालदहच्या उत्तरेस, बागबाजारातील गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी भरणारा पाळीव प्राण्यांचा व माशांचा बाजार सर्वपरिचित आहे. खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी घरी ठेवणाऱ्या हौशी मंडळींना मात्र एक बाब ठाऊक असणे आवश्यक आहे. पेटीतील एखादा ‘दगड’ वाढताना दिसला, तर तो कठीण प्रवाळ असू शकतो. आणि कठीण प्रवाळाच्या सर्व प्रजाती वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत आहेत.

ओळख कशी पटवावी?

प्रवाळ हा प्राणी आहे. ‘पॉलिप’ नावाचे असंख्य लहान जीव एकत्र येऊन त्याची वसाहत बनते. कठीण प्रवाळात प्रत्येक पॉलिप चुनखडीच्या वाटीसारख्या खळग्यात बसलेला असतो आणि त्याच्या शुंडकांची संख्या सहसा सहाच्या पटीत असते. मऊ प्रवाळाची शुंडके आठ व पिसासारखी असतात, तर त्याचे शरीर पाण्याबरोबर डोलते. केवळ कठीणपणा पाहून निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरते. अग्निप्रवाळ आणि तांबड्या नळ्यांचा ‘ऑर्गन पाइप’ प्रवाळ हे खऱ्या कठीण प्रवाळांत मोडत नाहीत; तथापि तेही अनुसूची १ मध्येच आहेत. समुद्रपंखे आणि काळे प्रवाळही त्याच यादीत येतात.

वाढ कशी होते?

पॉलिप पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट वापरून आपल्या तळाशी चुनखडीचा थर रचतो आणि त्यावर स्वतः वर सरकतो. त्याच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल प्रकाशाच्या साह्याने अन्न पुरवते. म्हणून बहुतेक प्रजातींत उजेडात ही रचना वेगाने होते. फांद्यांच्या प्रवाळाची टोके वर्षाला काही सेंटिमीटर वाढतात, तर गोलाकार ‘पोराइट्स’ सुमारे एक सेंटिमीटरच वाढतो. फिकट टोके आणि खडकावर पसरत जाणारी पातळ कड ही वाढीची दृश्य लक्षणे होत. बंद पेटीत पाण्याची अल्कता सतत घटू लागणे हाही महत्त्वाचा संकेत असतो. संपूर्ण वसाहत पांढरी पडणे मात्र वाढीचे नव्हे, तर शैवाल गमावल्याचे किंवा ऊती मृत झाल्याचे चिन्ह आहे.

कायदा काय सांगतो?

समुद्रातून प्रवाळ काढणे, त्याची विक्री करणे किंवा ते बेकायदा बाळगणे हा गुन्हा आहे. सजावटीसाठी विकला जाणारा मृत सांगाडाही त्यातून सुटत नाही. अनुसूची १ मधील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटिस’ कराराचे नियंत्रण आहे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी व हाजीअली येथे आढळलेल्या प्रवाळ वसाहतीही २०२० मध्ये शासकीय परवानगी घेऊनच अन्यत्र हलवण्यात आल्या होत्या.

प्रजातीची खात्रीशीर ओळख सांगाड्याच्या सूक्ष्म रचनेवरून होते आणि ते तज्ज्ञांचे काम आहे. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे मुख्यालय कोलकात्यातच आहे. पेटीत असे प्रवाळ आढळल्यास ते समुद्रात सोडू नये वा दुसऱ्यास देऊ नये. स्थानिक वन विभागास कळवावे.