जुन्या सायकलीचा पोलादी सांगाडा

ज्या घरांत दोन-तीन पिढ्या एकत्र नांदल्या, त्या घरांत जिन्याखालीं किंवा माडीवर एखादी काळी सायकल बहुधा उभी असतेच. तिच्या चाकांतील हवा केव्हांच गेलेली असते, खोगिराचें चामडें तडकलेलें असतें, आणि दर दिवाळीच्या झाडलोटीच्या वेळीं तिचा प्रश्न नव्यानें निघतो. गेल्या दिवाळींत आमच्या घरीं हाच प्रसंग आला. सायकल आमच्या वडिलांची. भंगारवाल्यानें ती किलोच्या भावानें मागितली. थोरल्या बंधूंचें मत ती देऊन टाकावी असें. मातुःश्रींना तें ऐकवेना. आणि आमच्या पुतण्यानें तर ती दुरुस्त करून कॉलेजला नेण्याचा हट्टच धरला. त्याचें म्हणणें, असले सांगाडे आतां मिळत नाहींत, आणि त्यांवर बसण्याचें सुखही आतां मिळत नाहीं. या दोन विधानांत तथ्य किती, याचा आम्हीं त्या निमित्तानें जो शोध घेतला, तो वाचकांच्याही उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

प्रथम पोलादाविषयीं. सायकलीचा सांगाडा म्हणजे पोकळ नळ्यांची त्रिकोणी जोडणी. नळी जाड घ्यावी तर वजन वाढतें. पातळ घ्यावी तर ती सांध्यापाशीं दगा देते, कारण ताण तेथेंच अधिक येतो, आणि सांधा झाळतांना लागणाऱ्या उष्णतेनें तेथील पोलाद कांहींसें नरमही पडतें. या अडचणीवर बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनीं तोड काढून १८९७ सालीं तिचें पेटंट घेतलें. त्यांची नळी बाहेरून सर्वत्र सारखी, पण आंतून टोकांशीं जाड व मध्यें पातळ असे. १९३५ सालीं याच कारखान्यानें मँगनीज व मॉलिब्डेनम मिसळलेलें ‘५३१’ या नांवाचें पोलाद आणलें. पुढें कित्येक दशकें शर्यतीच्या उत्तमोत्तम सायकली याच नळ्यांच्या होत असत. १९६१ सालीं निघालेल्या जग्वार ई-टाइप मोटारीच्या पुढच्या सांगाड्यासही याच नळ्या वापरल्या होत्या, यावरून त्यांची योग्यता ध्यानांत येईल. पुढें अधिक बळकट पोलादें निघालीं, मग ॲल्युमिनियम व कार्बनतंतु आले, आणि ५३१ च्या सायकली नव्या मालाच्या बाजारांतून मागें पडल्या.

परंतु आपल्या जिन्याखालची सायकल बहुधा या जातीची नसते. ती साध्या पोलादाच्या, सारख्या जाडीच्या नळ्यांची असते आणि तिचें वजन १८ ते २० किलो भरतें. मग तिच्यावर बसण्याचें सुख खरें कीं मनाचा खेळ?

“पोलाद लवचिक असतें, म्हणून तें धक्के गिळतें,” असें सर्रास सांगण्यांत येतें. यांत थोडा घोटाळा आहे. पोलाद स्वस्त असो वा महाग, त्याचा ताठरपणा जवळजवळ एकच असतो. महाग पोलाद अधिक ताण सोसतें, म्हणून नळी पातळ करतां येते, सायकल हलकी होते, आणि पातळ नळी किंचित् अधिक लवते, इतकेंच. ॲल्युमिनियमचा मूळ ताठरपणा तर पोलादाच्या सुमारें एक-तृतीयांश. पण त्याच्या नळ्या मोठ्या व्यासाच्या करतात, त्यामुळें त्या सायकली उलट अधिक ताठ होतात. शिवाय सांगाडा त्रिकोणी असल्यानें उभ्या दाबाखालीं तो फारसा लवतच नाहीं, मग धातु कोणताही असो.

सुख आहे तें आंखणींत. शर्यतीच्या सायकलीची हँडलखालची नळी जमिनीशीं सुमारें ७३ अंशांचा कोन करते. काळ्या सायकलींत हा कोन ६६ ते ६८ अंशांच्या आसपास असतो. तिचा चिमटा पुढें बाक घेऊन निघतो, दोन चाकांतील अंतर अधिक असतें, खोगिराखालीं स्प्रिंगा असतात, आणि २८ इंची चाकांवर दीड इंच रुंदीचे टायर असतात. खड्ड्याचा धक्का मनगटापर्यंत पोहोंचण्यापूर्वीं या प्रत्येकानें त्याचा वांटा उचललेला असतो. म्हणून ती सावकाश, सरळ आणि डौलानें चालते. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कात्रजच्या चढाला लागलें कीं तेंच वजन जिवावर येतें, आणि पावसांत भिजलेल्या पोलादी रिमेवर तिचे सळईचे ब्रेक वेळेवर लागतीलच असा भरंवसा नसतो.

पोलादाचा खरा गुण निराळाच आहे. ताण एका मर्यादेच्या आंत राहिला, तर तो लाखों वेळां आला तरी पोलाद थकत नाहीं. ॲल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नाहीं. शिवाय वांकलेलें पोलाद बहुधा सरळ करतां येतें, आणि सुटलेला सांधा कसबी कारागीर पुन्हां पितळेनें झाळूं शकतो. आजोबांची सायकल नातवाला पेलते ती या गुणांमुळें.

आतां मिळण्या-न मिळण्याविषयीं. ज्या नॉटिंगहॅमहून रॅले सायकली जगभर गेल्या, तेथें २००२ सालीं सायकलींची जुळणीही थांबली. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला निघालेला सेन-रॅलेचा कारखानाही काळाच्या उदरांत गेला. १९५१ सालीं सोनीपतला सुरू झालेल्या ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या ३ जूनला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल-दिनींच, बंद पडला. कारखाने गेले, तरी त्यांचे सांगाडे घराघरांतून आहेत. पुण्याच्या जुन्या बाजारांत किंवा मुंबईच्या चोरबाजारांत हिंडणाऱ्यास ते अजून दिसतात. त्याच मापाच्या काळ्या सायकली लुधियानास आजही होत असल्यामुळें टायर, चिमटे व ब्रेकच्या सळया मिळण्यास अडचण पडत नाहीं. ५३१ चे हलके सांगाडे मात्र आपल्याकडे दुर्मिळ; ते मुख्यतः इंग्लंडांत जुन्या मालाच्या बाजारांत हात बदलतात. जुन्या बनावटी डोळ्यांनीं पाहावयाच्या असतील, त्यांनीं पुण्यास कर्वेनगरांत २०१७ सालीं सुरू झालेलें विक्रम पेंडसे सायकल-संग्रहालय अवश्य पाहावें.

सांगाडा विकत घेतांना किंवा घरचाच बाहेर काढतांना चार गोष्टी पाहाव्या. नळीवर चिकटविलेल्या चिठ्ठीवर भिस्त ठेवूं नये. चिठ्ठ्या नव्यानेंही छापतां येतात. खोगिराच्या दांड्याचा व्यास मोजावा: पातळ नळीच्या ५३१ सांगाड्यांत तो बहुधा २७.२ मिलिमीटर असतो, साध्या जाड नळींत २५.४ च्या आसपास. तो दांडा गंजून आंत धरला असेल, तर किंमत ठरविण्यापूर्वींच विचार करावा. मागच्या चाकाच्या एका खांचेपासून दोरा हँडलखालच्या नळीभोंवतीं घेऊन दुसऱ्या खांचेशीं बांधावा. दोन्ही बाजूंस खोगिराखालच्या नळीपासून दोऱ्याचें अंतर सारखें नसेल, तर सांगाडा पिळलेला आहे. पायडलांच्या आंसाचे आटेही तपासावे. नॉटिंगहॅमच्या रॅलेचे आटे इंचास २६, तर इतर बहुतेक इंग्रजी सायकलींचे २४ असत. एकांत दुसरा जोरानें बसविल्यास दोन्ही वायां जातात. शेवटीं पुढच्या सांध्यामागें नळ्यांच्या खालच्या अंगाला बोट फिरवावें. तेथें रंगास सुरकुती असेल, तर ती सायकल कधीं तरी समोरून आदळली आहे.

वडिलांची सायकल आम्हीं पेठेंतील एका वृद्ध कारागिराकडे नेली. दोरा लावून झाला, दांडा निघाला, नळ्यांवर सुरकुती नव्हती. “सांगाडा ठणठणीत आहे,” म्हणून आमचा पुतण्या हर्षभरित झाला. तोंच कारागिरानें चिमट्याच्या माथ्यावरचा रंग खरवडून आम्हांला जवळ बोलाविलें. तेथें केसाएवढा तडा होता. “हा चिमटा एकदां वांकला होता, आणि कोणी तरी तो सरळ करून घेतला आहे. यावर पोराला बसवूं नका,” एवढेंच तो म्हणाला.

घरीं येऊन ही हकीकत सांगितली, तेव्हां मातुःश्री बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “एका पावसाळ्यांत ते चिखलानें माखून घरीं आले होते. विचारलें तर म्हणाले, पाय घसरला.” दुसऱ्या दिवशीं ते त्याच सायकलीवर कचेरींत गेले, आणि पुढें निवृत्त होईपर्यंत त्याच चिमट्यावर भार टाकून जात राहिले. त्या वर्षांत त्यांच्या पुढें नळीवर बसून शाळेंत जाणारे आम्ही दोघे भाऊ होतों.

चिमटा नवा घातला. टायर व ब्रेकची रबरें नवीं घेतलीं, त्यांचे पैसे थोरल्या बंधूंनीं न मागतां दिले. सांगाड्याचा जुना रंग व कारखान्याची पितळी मुद्रा तशीच ठेविली. आमचा वाचकांस एवढाच सल्ला आहे, कीं जुनें म्हणून तें भंगारांत टाकूं नये, आणि जुनें म्हणून डोळे मिटून त्यावर विश्वासही टाकूं नये. जाणत्या हातांकडून एकदां तपासून घ्यावें. पुतण्या आतां रोज त्या सायकलीवर कॉलेजला जातो, आणि तो निघतांना मातुःश्री दारापर्यंत येतात. काढलेला चिमटा मात्र भंगारवाल्यास दिला. तो ठेवावा असें कोणीच म्हटलें नाहीं.