गाडी एक, बसणारे वेगळे : मागच्या शॉकअपची खाच कशी ठरवायची?



आपल्यापैकी बरेच जण रोज मोटारसायकलवरून शाळेत जातात. कुणी एकटे जातात, कुणाच्या मागे सहकारी शिक्षक असतात, तर कुणी मुलाला क्लासला सोडून पुढे जातात. आपण तेल बघतो, हवा बघतो, चेन ताणून घेतो. मागच्या शॉकअपच्या खाचेकडे मात्र वर्षानुवर्षे कुणी बघत नाही. मीही बघत नव्हतो.

दोन वर्षांपूर्वी गाडी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा मेकॅनिकला सहज म्हणालो, "डबलसीट असलं की मागून आपटते." त्याने दोन्ही शॉकअप शेवटच्या खाचेवर नेऊन ठेवले आणि म्हणाला, "आता बघा सर, एकदम कडक!" दुसऱ्या दिवशी मी एकटाच शाळेला निघालो. फाट्यानंतरच्या उखडलेल्या रस्त्यावर वळण घेताना समोर म्हैस आली. ब्रेक दाबला, मागचं चाक उड्या मारत बाजूला सरकलं. पाय टेकवून कसंबसं सावरलं. वेग कमी होता म्हणून वाचलो. तेव्हा डोक्यात प्रश्न आला : डबलसीटला जी सेटिंग चांगली, तीच एकट्याला धोक्याची कशी?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. चला, समजून घेऊ.

१) शॉकअपमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात

बाहेर दिसते ती स्प्रिंग. चाक खड्ड्यातून किंवा गतिरोधकावरून गेलं की ती दाबली जाते आणि ऊर्जा स्थितिज ऊर्जेच्या रूपात साठवते. पण साठवलेली ऊर्जा ती परतही देते. नुसती स्प्रिंग असती, तर एका गतिरोधकानंतर गाडी बराच वेळ वरखाली होत राहिली असती.

म्हणून आत तेल भरलेली नळी असते. तिच्यातला दट्ट्या हलला की तेल बारीक छिद्रांतून जातं आणि त्या घर्षणात ऊर्जेची उष्णता होते. म्हणजे स्प्रिंग वजन पेलते आणि तेल हेलकावे थांबवतं.

बहुतेक साध्या गाड्यांत आपल्याला फक्त स्प्रिंगची बैठक बदलता येते. शॉकअपवरची पायऱ्यापायऱ्यांची फिरती रिंग असते ना, तीच ही. अनेक गाड्यांना पाच खाचा असतात. तेलाचा विरोध कमी-जास्त करण्याचे स्क्रू महागड्या गाड्यांना असतात.

२) रिंग फिरवली की स्प्रिंग कडक होते का?

"हो" असंच सगळे म्हणतात. मेकॅनिकही म्हणतो, मीही म्हणायचो. पण तसं नाही.

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये मांडलेला नियम आठवा : स्प्रिंग जितकी दाबाल त्या प्रमाणात तिचं बल वाढतं. बल = स्प्रिंगचा स्थिरांक × लांबीतला बदल. हा स्थिरांक तारेची जाडी, वेढ्यांची संख्या, वेढ्यांचा व्यास आणि धातू यांवर ठरतो. रिंग फिरवून यातलं काहीच बदलत नाही. मग बदलतं काय? फळ्यावर हे उदाहरण घ्या.

समजा स्प्रिंग १ मिमी दाबायला २० न्यूटन बल लागतं, आणि तिच्यावर ६०० न्यूटन भार आहे.

- भार पेलायला स्प्रिंग एकूण ६०० ÷ २० = ३० मिमी दाबली जायला हवी.
- रिंगने ती आधीच १० मिमी दाबून ठेवली असेल, तर शॉकअप उरलेले २० मिमी खाली बसेल.
- रिंगने २० मिमी दाबून ठेवली असेल, तर शॉकअप फक्त १० मिमी बसेल.

दोन्ही वेळा स्प्रिंग ३० मिमीच दाबली गेली. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी सीट १० मिमी वर राहिली. पुढे आणखी १०० न्यूटन भार टाकला तर दोन्ही वेळा ती ५ मिमीच खाली जाईल. म्हणजे रिंग स्प्रिंगला कडक करत नाही, ती गाडीची उंची ठरवते. चाकाला वर जायला किती जागा ठेवायची आणि खाली जायला किती, ही वाटणी रिंग करते.

३) खाली जायला जागा कशाला?

ही गोष्ट चटकन लक्षात येत नाही. गतिरोधकावर चाकाला वर यावं लागतं, पण खड्ड्यात त्याला खालीही उतरावं लागतं. एकट्या हलक्या माणसाने रिंग शेवटच्या खाचेवर ठेवली, तर शॉकअप आधीच जवळपास पूर्ण उघडलेला असतो. खड्डा आला की चाक खाली उतरू शकत नाही, क्षणभर हवेत राहतं. हवेतल्या चाकाला पकड कसली? तेवढ्यात ब्रेक दाबला की चाक जाम होतं आणि सरकतं. माझं तेच झालं होतं.

उलट, दोघं बसले आणि रिंग पहिल्या-दुसऱ्या खाचेवर असेल, तर गाडी मागून खाली बसते. मोठ्या खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो आणि तो दणका मागे बसणाऱ्याच्या कमरेला बसतो. शिवाय पुढचं चाक हलकं होतं, हँडल सुस्त वाटतं आणि रात्री हेडलाइटचा झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांवर पडतो.

४) घरच्या घरी मोजणी

लागणारं साहित्य : मोजपट्टी, चिकटपट्टी, वही-पेन आणि मदतीला दोन जण. सुरुवातीला दोन्ही टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरून घ्या. हवा कमी असेल तर शॉकअप कितीही नीट लावला तरी गाडी नीट चालणार नाही.

१. गाडी मधल्या स्टँडवर घ्या. मागचं चाक अधांतरी हवं. चाकाच्या आसापासून सरळ वर, सीटखालच्या पत्र्यावर चिकटपट्टीची खूण करा. आस ते खूण हे अंतर मोजा. हे पहिलं माप.

२. गाडी स्टँडवरून काढून सरळ उभी धरा. सीट एकदा दाबून सोडा आणि तेच अंतर मोजा. हे दुसरं माप.

३. आता नेहमीसारखे बसा. हेल्मेट, दप्तर, डबा सगळं घेऊन, पाय फूटरेस्टवर ठेवून. एकाने पुढून हँडल धरावं, दुसऱ्याने मोजावं. हे तिसरं माप.

पहिल्या मापातून तिसरं वजा केलं की तुमच्या वजनाने गाडी किती बसली ते कळतं. हे अंतर चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश असावं, हा साधारण नियम. एकूण हालचाल ८० मिमी असेल तर २० ते २७ मिमी.

माझ्या गाडीची (हालचाल ८० मिमी) वही अशी भरली :

- पाचवी खाच, मी एकटा : १० मिमी. फारच कमी.
- दुसरी खाच, मी एकटा : २२ मिमी. बरोबर.
- दुसरी खाच, मागे आमच्या सौ. : ४२ मिमी. निम्म्याहून जास्त!
- पाचवी खाच, दोघं : ३० मिमी. थोडं जास्त, पण चालण्याजोगं.

म्हणजे मेकॅनिक चुकला नव्हता. त्याने गाडी दोघांसाठी लावली आणि मी ती एकट्याने चालवली.

दुसरं मापही कामाचं आहे. गाडी स्वतःच्या वजनाने थोडी तरी बसायला हवी. तुम्ही बसल्यावरचं अंतर जमवताना नुसती गाडी अजिबात बसेनाशी झाली, तर तुमच्या वजनाला ती स्प्रिंग नरम आहे. तिथे रिंग फिरवून उपयोग नाही, स्प्रिंगच बदलावी लागते.

५) रिंग फिरवताना

- गाडी मधल्या स्टँडवर घ्या. सायलेन्सर थंड होऊ द्या.
- रिंगवरचा चिखल ब्रशने काढा. टूलकिटमधला आकडीसारखा पाना याच कामाचा आहे. हातोडी-छिन्नी वापरू नका.
- दोन शॉकअप असतील तर दोन्ही बाजूंची खाच सारखीच ठेवा.
- सीटखाली एकच शॉकअप असेल आणि हात पोचत नसेल, तर गॅरेजमध्ये करून घ्या. पण खाच कितवी, ते तुम्ही सांगा.
- एका वेळी एकच खाच बदला, मोजा, ओळखीच्या रस्त्यावर हळू चालवून बघा.

शेवटी सीट जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन शांत व्हायला हवी. दोन-तीनदा झुलत राहिली, किंवा शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला, तर आतलं तेलाचं काम संपलं आहे. ते कोणतीही खाच दुरुस्त करणार नाही. पुढच्या फोर्कच्या नळीवरही बोट फिरवून बघा. बोटाला तेल लागलं तर सील गेलं असं समजा.

६) वर्गासाठी

नववीला 'कार्य आणि ऊर्जा' शिकवताना मी हाच पाठ शाळेच्या आवारात घेतो. गाडी बंद, किल्ली माझ्या खिशात. मुलं वेगवेगळ्या वजनांच्या दोन-तीन शिक्षकांना बसवून मापं घेतात आणि वजन व अंतर यांचा आलेख काढतात. आलेख साधारण सरळ रेषेत येतो. मग खाच बदलून पुन्हा मोजायला सांगतो. रेष वर-खाली सरकते, पण तिचा तिरकेपणा जवळजवळ तोच राहतो. "सर, म्हणजे स्प्रिंग कडक झालीच नाही!" हे वाक्य एखादं मूल स्वतःहून बोललं की त्या दिवशीचा तास सार्थकी लागतो.

पालकांना एकच विनंती. येत्या रविवारी मुलांच्या हातात मोजपट्टी द्या आणि स्वतः गाडीवर बसा. एकट्याची खाच कोणती, डबलसीटची कोणती, हे मुलांकडूनच एका चिठ्ठीवर लिहून टूलकिटमध्ये ठेवा. मागे बसणारं आपलंच माणूस असतं. त्याच्यासाठी पाच मिनिटं थांबून रिंग फिरवणं काही जड नाही.