सही कुणाची?

निकालाचे दिवस सरले, की पदवीधर मुलामुलींच्या घरात एकच चर्चा सुरू होते: आता पुढे काय? पूर्वी या प्रश्नाची उत्तरे मोजकी होती. कॉमर्सचा मुलगा सी.ए.कडे वळे किंवा बँकेच्या परीक्षा देई, इंजिनिअर कारखान्यात लागे आणि ज्याला वाद घालण्याची हौस, तो सकाळच्या लॉ कॉलेजात नाव घाली. अलीकडे मात्र माहितीपत्रकांतून एक नवेच त्रिकूट दिसू लागले आहे. कायदा, व्यवसाय आणि तंत्रज्ञान या तिन्हींचा एकत्रित पदव्युत्तर अभ्यासक्रम! फी अनेक ठिकाणी लाखांत. साहजिकच आईवडिलांना शंका येते, की ही खरोखर नवी विद्या आहे, की तीन जुन्या विषयांची मिसळ करून नव्या ताटात वाढली आहे?

शंका रास्त आहे. तिचे उत्तर शोधताना मी वाचकांना आधी एका सव्वाशेहून अधिक वर्षे जुन्या कायद्याकडे नेऊ इच्छितो. बँकेत हयात घालवलेल्या माणसाची ही खोड समजा.

१८९१ साली इंग्रज सरकारने 'बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्ट' केला. बँकेच्या वह्या प्रत्येक खटल्यासाठी कोर्टात नेऊन ठेवायच्या, तर इकडे रोजचे कामकाज अडायचे. कायद्याने वाट काढली. नोंदीची नक्कल काढावी, ती मूळ नोंदीबरहुकूम आहे असे खाली लिहावे आणि मुख्य हिशेबनीस किंवा मॅनेजर यांनी नाव-हुद्द्यासह सही करावी. कोर्ट ती नक्कल मानील. मी नोकरीला लागलो तेव्हाही व्यवस्था हीच होती. जाडजूड लेजर, निळी शाई, व्हाउचरवर पासिंग ऑफिसरची आद्याक्षरे. नोंद कुणी केली आणि कुणी तपासली, हे नुसत्या वळणावरून सांगता येई.

मग संगणक आले. १९८४ मध्ये रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाची दिशा आखून दिली आणि हळूहळू शाखाशाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रे बसली. हिशेब चोख झाले, पण अक्षर गेले. छापील कागदावर सगळ्यांचेच अक्षर सारखे! कोर्टाने खात्याचा उतारा मागितला, तर त्यावर सही कुणी करायची? मॅनेजर म्हणणार, कागद यंत्राने काढला, आत काय चालते ते मला ठाऊक नाही. यंत्र सांभाळणारा म्हणणार, पैशाच्या व्यवहारातले मला काय कळते?

हा पेच २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने सोडवला. त्याने १८९१ च्या त्या जुन्या कायद्यात '२-अ' हे कलम घातले. आता छापील उताऱ्यासोबत मुख्य हिशेबनिसाचा किंवा मॅनेजरचा दाखला हवा आणि शिवाय संगणकाची जबाबदारी असलेल्या माणसाचाही हवा. नोंदी अधिकृत माणसांखेरीज कुणी करू नयेत म्हणून काय बंदोबस्त आहे, परस्पर फेरफार झाला तर तो कसा पकडला जातो, गहाळ झालेली माहिती परत कशी मिळवतात, हे सारे दुसऱ्या माणसाने लिहून द्यायचे. म्हणजे सह्या दोघांच्या आणि त्या कशाखाली करायच्या हे सांगणारा कायदा तिसरा. व्यवसाय, तंत्रज्ञान आणि कायदा हे त्रिकूट माहितीपत्रकांत झळकण्यापूर्वीच असे एका कागदावर येऊन बसले होते.

तो कागद वेळेवर मिळाला नाही, तर काय होते? आपल्या जालन्याचेच उदाहरण घ्या. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तेथून अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाला, असा दावा करून पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल उच्च न्यायालयात गेले. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातले कॅमेऱ्याचे चित्रण उपलब्ध होते. परंतु अशा पुराव्याबरोबर तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखाली दाखला लागे आणि वारंवार मागूनही तो अधिकाऱ्यांकडून मिळाला नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै २०२० मध्ये तिघा न्यायमूर्तींनी सांगितले, की मूळ यंत्रच कोर्टात आणले नसेल, तर दाखला अनिवार्य आहे. तोंडी साक्षीने त्याची भरपाई होत नाही. मात्र अर्जदाराने शक्य ते सर्व केले होते आणि कायदा अशक्य गोष्ट करायला लावत नाही, म्हणून खंडपीठाचा निकाल त्यांनी कायम ठेवला. तोवर त्या विधानसभेची मुदतही संपून गेली होती.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात या दाखल्याचा नमुनाच छापून दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत: एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फाइलची 'हॅश' ही गणिती ओळखखूणही त्यात नोंदवावी लागते. फाइलीत एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला, तरी ही खूण बदलते. एके काळी वळणदार अक्षर जे काम करी, ते आता ही खूण करते. पण ती काढणारा, तपासणारा आणि न्यायाधीशापुढे समजावून सांगणारा माणूस लागतोच.

तर असा माणूस वेगळ्या अभ्यासक्रमात घडवावा का? यावर अमेरिकेत एक गाजलेला वाद झाला. १९९६ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या परिषदेत न्यायाधीश फ्रँक ईस्टरब्रुक यांनी या कल्पनेची चक्क थट्टा केली. घोड्यांच्या विक्रीचे खटले होतात, घोड्याने लाथ मारल्याचेही होतात, म्हणून कोणी 'घोड्याचा कायदा' शिकवत नाही, असा त्यांचा मुद्दा. करार, मालमत्ता, नुकसानभरपाई हे मूळ विषय पक्के करा. घोडा असो की संगणक, ते सर्वत्र लागू पडतात.

तीन वर्षांनी लॉरेन्स लेसिग या प्राध्यापकांनी त्याला उत्तर दिले. माणसाच्या वागण्याला केवळ कायदा आवर घालत नाही, असे ते म्हणाले. लोकरीत, बाजार आणि वस्तूची रचना याही गोष्टी त्याला वळण लावतात, आणि संगणकाच्या जगात रचना म्हणजे प्रोग्रॅम. आपल्याकडचेच पाहा. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने इंटरनेटवरच्या कार्ड-खरेदीला जादा पडताळणी सक्तीची केली. नियम कागदावर आला, पण ग्राहकाचे रक्षण केले ते मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीच्या रचनेने. आणि एक पायरी वाढली, की गिऱ्हाईक अर्ध्यातून परत जाते, ही व्यापाऱ्याची चिंताही खोटी नव्हती. नियम, रचना आणि धंदा यांतला एकच धागा धरून हा प्रश्न सुटत नाही.

मला दोघांचेही पटते. म्हणूनच पालकांना सांगावेसे वाटते, की या अभ्यासक्रमाकडे पाया म्हणून पाहू नका. पायावर चढवलेला मजला म्हणून पाहा. एक विद्या हाडीमाशी खिळलेली असावी आणि उरलेल्या दोहोंची भाषा कळावी, त्यांना नेमका प्रश्न विचारता यावा.

फी भरण्यापूर्वी काही गोष्टी नीट विचारून घ्याव्यात. वकील म्हणून उभे राहायचे, तर बार कौन्सिलने मान्य केलेली एलएल.बी. आणि सनद हवीच. सायबर कायद्याच्या पदविकेवर ते होत नाही. एलएल.एम.लाही आधी कायद्याची पदवी लागते. याउलट बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाचा व्यवसाय-कायद्याचा दूरशिक्षण अभ्यासक्रम कोणत्याही पदवीधरासाठी आखलेला. नोकरी करणाऱ्यांच्या तो उपयोगाचा, पण सनदेचा नव्हे. आयआयटी खरगपूरने २००६ मध्ये बौद्धिक संपदा कायद्याचे विद्यालय काढून इंजिनिअरांना तीन वर्षांच्या कायद्याच्या पदवीची वाट मोकळी केली. तेव्हा ही पदवी कोणते दार उघडते, शिकवणारे कोर्टातले व उद्योगातले आहेत की नुसते पुस्तकातले, आणि मुलांच्या हातून खरोखरीचे करार, दाखले, तक्रारी लिहून घेतल्या जातात का, हे स्पष्ट विचारावे. उत्तर गुळमुळीत मिळाले, तर पाकीट खिशात ठेवावे.

शेवटी एक गोष्ट, जी माहितीपत्रकांत सहसा सापडत नाही. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. तुमची माहिती घेण्यापूर्वी कंपनीने सूचना देऊन संमती मागावी, आणि ती सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या बावीसपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असावी, असे त्यात म्हटले आहे. त्या बाविसांत मराठी आहे. आता ही मराठी सूचना लिहिणार कोण? नुसत्या वकिलाने लिहिली, तर ती सातबाऱ्याच्या भाषेत उतरेल. नुसत्या इंजिनिअरने लिहिली, तर कायद्यात टिकणार नाही. आणि कंपनीच्या विक्री खात्याने लिहिली, तर तिच्यातला गोडवा संशयास्पद असेल. सोलापूरच्या निवृत्त शिक्षिकेला किंवा वेंगुर्ल्याच्या मासेविक्रेत्या बाईंना 'मान्य आहे' वर बोट ठेवण्यापूर्वी आपण काय देतो आहोत ते कळले पाहिजे. ते बोट म्हणजे त्यांची सहीच आहे.

तिन्ही विद्या जाणणारा आणि मायबोलीत चार सरळ वाक्ये लिहू शकणारा तरुण आज शोधून सापडणे कठीण आहे. तुमच्या घरातल्या मुलीला किंवा मुलाला या वाटेने जायचे असेल, तर जरूर जाऊ द्या. मात्र जाताना मराठी घरी ठेवून जाऊ नको, एवढे तेवढे सांगा.