पुरुषांनी अंगावर काढू नये असे एक दुखणे

‘स्तनाचा कर्करोग’ हे शब्द मथळ्यात दिसले, की घरातील पुरुष ते पान गृहिणीसाठी सोडून देतात. हा बायकांचा आजार, आपला त्याच्याशी संबंध तो काय, अशी त्यांची समजूत असते. ती समजूत पुरी नाही. या रोगाच्या दर शंभर रुग्णांत साधारणपणे एक पुरुष असतो. प्रमाण थोडे खरे. पण ‘मला हे होणारच नाही’ या खात्रीमुळे पुरुष वैद्याकडे उशिरा जातो आणि तोवर रोग पुढे सरकलेला असतो.

वयात येईपर्यंत मुलाच्या व मुलीच्या छातीची घडण जवळजवळ सारखीच असते. पुढे मुलीच्या स्तनांची वाढ होते, मुलाची होत नाही. तथापि स्तनाग्रामागे दुग्धनलिकांचा थोडासा अंश त्याच्याही शरीरात जन्मभर राहतो. रोगाचा उगम बहुधा तेथेच होतो. बहुतेक रुग्ण साठीच्या आसपासचे किंवा त्याहून वडील असतात. यकृताचा जुनाट विकार, अतिस्थूलता, छातीवर पूर्वी झालेले किरणोपचार आणि कुळात चालत आलेला दोष यांनी धोका वाढतो.

अमेरिकेतील एडवर्ड ब्रुक यांचे उदाहरण येथे आठवते. १९६६ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातून ते सिनेटवर निवडून आले. लोकांच्या थेट मतांनी त्या सभागृहात गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ. २००२ साली त्यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली आणि २००३ मध्ये, ८३ वर्षांचे असताना, त्यांनी ही गोष्ट जगापुढे मांडली. इतर पुरुषांनी सावध व्हावे, एवढाच त्यामागे हेतू होता. त्यानंतर ते अनेक वर्षे जगले व २०१५ साली, वयाच्या ९५ व्या वर्षी निवर्तले.

दुसरे उदाहरण गायिका बियॉन्से हिचे वडील मॅथ्यू नोल्स यांचे. सदऱ्यावर वारंवार रक्ताचा ठिपका दिसू लागला, तेव्हा त्यांनी तपासणी करून घेतली. २०१९ साली त्यांनी आपला आजार जाहीर केला. त्यांच्या ठायी ‘बीआरसीए-२’ या जनुकातील दोष आढळला होता. हा दोष असणाऱ्या शंभर पुरुषांपैकी सुमारे सहा जणांना आयुष्यात केव्हातरी हा रोग होतो. शिवाय तो दोष प्रत्येक अपत्याकडे, मग मुलगा असो वा मुलगी, जाण्याचा संभव निम्मा असतो. आणि मुलीच्या बाबतीत त्याचा धोका कितीतरी अधिक असतो. बापाच्या तपासणीने लेकीचा जीव वाचू शकतो, तो असा.

लक्षणे ओळखणे अवघड नाही. स्तनाग्राखाली किंवा त्याच्या लगत कठीण, बहुधा न दुखणारी गाठ, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्त वा पाणी येणे, कातडीवर खळी किंवा न भरणारा व्रण, काखेत गाठ. वयात येणाऱ्या मुलांची आणि उतारवयात काहींची छाती किंचित फुगते, ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. पण त्यांतील भेद आपल्या मनाने ठरवू नये. वैद्याने हाताने पाहणे, मॅमोग्राफी वा सोनोग्राफी करणे आणि सुईने लहानसा तुकडा काढून तपासणे, एवढ्याने निर्णय होतो.

सर्वच निरोगी पुरुषांनी दरवर्षी मॅमोग्राफी करावी, असे तज्ज्ञ सांगत नाहीत. मात्र ज्यांच्यात हा जनुकीय दोष सिद्ध झाला आहे, त्यांनी पस्तिशीपासून दरवर्षी वैद्याकडून छाती तपासून घ्यावी. पन्नाशीनंतर मॅमोग्राफीचाही विचार करावा. वेळीच सापडलेल्या रोगावर शस्त्रक्रिया व टॅमॉक्सिफेनसारखी औषधे चांगली लागू पडतात.

आपली घरे पिढ्यान् पिढ्या दूरदूर वसलेली. आत्या एका शहरी, काका दुसऱ्या, चुलत बहिणी तिसऱ्याच प्रांतात. ‘ती छातीच्या दुखण्याने गेली’ एवढेच कानी येते आणि विषय तेथेच मिटतो. पुढच्या लग्नकार्यात सगळे एकत्र जमतील, तेव्हा वडीलधाऱ्यांना हे नीट विचारून घ्यावे. आईकडचेच नव्हे, वडिलांकडचेही. आणि स्नान करताना महिन्यातून एकदा छातीवरून व काखेतून हात फिरवून पाहावा; गाठ लागली तर ती कुणापासून लपवू नये. गृहिणींना एकच विनंती: हे पान आपण वाचून झाले, की घरातील पुरुषमंडळींना वाचून दाखवावे.